सत्तेचाळीस नंबरचा खांब

लव्हॉन प्रिट्झलबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असं मी ठरवलंय, पण आधीच सांगून टाकतो: मी त्या बाईवर अकरा हिवाळे जळलो. नुसता जळलो नाही, पार करपलो. बायकोवर, भावावर, शेजाऱ्याच्या नव्या ट्रकवर माणूस जळतो हे मी पाहिलंय. मी एका शाळेतल्या स्वयंपाकीणबाईवर जळलो, आणि तेही विजेवरून.

मी लोरेन टॉर्गरसन. आयोवात छत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलं, परवाना असलेला इलेक्ट्रिशियन. आमच्या तालुक्यात निम्म्या घरांतल्या भिंतींमागं माझ्या हातची वायर आहे. लव्हॉननं विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं पोरांना जेवण वाढलं. आता सांगा, विजेचं काही बिघडलं तर लोकांनी कुणाला हाक मारावी?

आमचा पार्क टेक्सासच्या अगदी तळाशी, नदीच्या अलीकडं. नोव्हेंबरात आम्ही म्हातारे आपापली फिरती घरं ट्रकमागं ओढत उत्तरेतून इथं येतो, आणि तिकडचा बर्फ वितळला की परत जातो. प्रत्येकाच्या जागेशी कमरेएवढा एक लोखंडी खांब असतो. त्यात तीन सॉकेटं: वीस अँपिअरचं, तिसाचं आणि पन्नासाचं. ट्रेलर उभा करायचा, पोटातली जाड वायर बाहेर काढायची, खांबात खुपसायची, की घर सुरू. आमच्या पार्कातली निम्मी रडगाणी त्या खांबापाशी सुरू होतात. मला जन्मात दुसरं काही नको होतं. त्या खांबापाशी काही बिनसलं की लोकांच्या तोंडी माझं नाव यावं, एवढंच.

पहिल्या वर्षी आम्ही आलो तो दिवस मला अजून डाचतो. दोन हजार किलोमीटर ट्रक हाकून पाठीचा भुगा झालेला. मी वायर काढून खांबाकडं निघालो, तेवढ्यात गोल्फच्या गाडीतून एक ठेंगणी बाई आली. पांढरे आखूड केस, पायांत पुरुषी बूट, गळ्यात पिवळा मीटर लोंबतोय.

"थांबा हं जरा," ती म्हणाली. "आधी खांब बघते."

"मी इलेक्ट्रिशियन आहे, बाई."

"असाल हो. पण ते खांबाला कुठं ठाऊक आहे?"

पलीकडं खुर्च्या टाकून बसलेले चौघंजण खो खो हसले. आर्डिससुद्धा हसली. आर्डिस म्हणजे माझी बायको. लव्हॉननं मीटरच्या दोन्ही टोकदार पिना सॉकेटात घातल्या, चष्मा कपाळावर ढकलून आकडा पाहिला.

"एकशे चार व्होल्ट. एकशे वीस हवेत. सगळ्यांचे एसी एकदम चालू आहेत ना. तासाभरानं लावा, नाहीतर तुमचा एसी पहिल्याच दिवशी धापा टाकत मरेल. तोवर माझ्याकडं या, कॉफी टाकते."

तिचं बरोबर होतं. तेच तर झोंबलं. आणि कॉफी पाण्यासारखी पातळ होती, हे मी आर्डिसला पुढं आठवडाभर ऐकवत राहिलो.

दर बुधवारी सकाळी आमच्या सभागृहात कॉफी असते. कुणी केक आणतं, कुणी लिंबाच्या वड्या. नव्या आलेल्यांना लव्हॉन तिथं विजेचं सांगायची. सांगायची म्हणजे काय, स्वयंपाकच सांगायची.

"हे बघा," ती म्हणायची, "तीस अँपिअर म्हणजे शाळेच्या कॅन्टीनची एक खिडकी. एका खिडकीतून एका वेळी किती ताटं निघतील? एसी एक मोठं ताट, मायक्रोवेव्ह एक मोठं ताट, केस वाळवायचं मशीन एक मोठं ताट. तीन ताटं एकदम काढाल तर खिडकी धाडकन बंद. ब्रेकर पडतो म्हणजे तेच. म्हणून केस वाळवताना कॉफीनं थांबायचं."

"आणि पन्नास म्हणजे वीस ताटं जास्त का?" कुणीतरी विचारायचंच.

"नाही राजा. पन्नासाला दोन खिडक्या असतात, आणि प्रत्येक खिडकी पन्नासाची. तिसाच्या तिपटीहून जास्त जेवण निघतं. म्हणून पन्नासाचा ट्रेलर मधे जोडणीचा प्लग लावून तिसाच्या सॉकेटावर घेतलात तर चालेल, पण घरात दोन एसी आहेत हे विसरायचं."

सगळ्यांना समजायचं. ज्यांना घरचा बल्ब बदलता येत नव्हता त्या बायासुद्धा माना डोलवायच्या. मी मागच्या बाकावर बसून तिच्या चुका शोधायचो. चूक सापडायची नाही. सापडायचा तो फक्त माझा राग, तोही दर बुधवारी ताजा.

तिसऱ्या हिवाळ्यात मी म्हटलं, एकदा खरं शास्त्र ऐकू दे लोकांना. फळा आणला, सूत्रं मांडली, फेज, न्यूट्रल, अर्थिंग, सगळं रीतसर. सात जण आले. त्यातले तिघं वड्या संपल्यावर उठले, आणि बर्नार्ड नावाचा आमचा शेजारी दाढी छातीवर टेकवून असा घोरला की मला सूत्र पुन्हा सांगावं लागलं. शेवटी वड्या करणाऱ्या डोरोथीनं हात वर केला.

"लोरेन, छान हो. पण मग केस वाळवताना कॉफी लावायची का नाही?"

त्या दिवसापासून मी शास्त्र सोडलं. जळणं मात्र चालू ठेवलं.

लव्हॉनमध्ये वाईट असं काहीच नव्हतं, हे तर आणखी वाईट. तिचा नवरा क्लीटस वारला तरी ती एकटी ट्रेलर ओढत यायची. येणाऱ्या प्रत्येकाचा खांब मोजायची, मग तो नवखा असो की वीस वर्षांचा जुना. पार्कचा मालक रुबेन कांतू तिला विचारल्याशिवाय ब्रेकरसुद्धा विकत आणायचा नाही. नाताळात त्याची आई तिला मक्याच्या पानात उकडलेले दोन डझन तमाले द्यायची, आम्हाला एक डझन. मी मोजले होते.

सातव्या वर्षीची गोष्ट. जानेवारीत उत्तरेचा गार वारा आला, सगळ्यांनी हिटर लावले आणि आमच्या घरात अंधार झाला. मी पलंगाखालून हत्यारांची पिशवी काढली. छत्तीस वर्षांची पिशवी, कातडी, तिच्यावर माझं नाव कोरलेलं. ती घेऊन दार उघडतो तर बाहेर लव्हॉन, गळ्यात मीटर.

"आर्डिसचा फोन आला होता," ती म्हणाली.

मी आर्डिसकडं वळलो. ती पांघरूण गुंडाळून बसली होती.

"घरात इलेक्ट्रिशियन बसलाय," मी म्हणालो, "आणि तू बाहेरून माणूस बोलावतेस?"

"तुला पिशवी शोधायला वेळ लागतो रे. मला थंडी वाजत होती."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिनं इतकं कधी दुखावलं नव्हतं. भाजलेला पाव करपला म्हणून चार दिवस अबोला धरणारा माणूस मी, या गोष्टीवर मी तीन आठवडे घुसमटलो.

आता मागच्या वर्षाचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

जानेवारीतला पहिला बुधवार. लव्हॉन बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती घरं बांधणाऱ्या इलेक्ट्रिशियनांची."

अख्खं सभागृह हसलं. चाळीस चेहरे माझ्याकडं वळले. मला कळत होतं की ती पुढं काहीतरी सांगणार आहे, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी माझी लिंबाची वडी रुमालात गुंडाळली आणि सगळ्यांच्या देखत बाहेर पडलो. दार जरा जोरातच आपटलं. ती पुढं काय म्हणाली ते मी ऐकलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी एका नवख्यानं ट्रेलर मागं घेताना सत्तेचाळीस नंबरचा खांब आडवा केला. पत्र्याचं खोकं ठोकून सरळ करता आलं, पण आतली सॉकेटं आणि ब्रेकर चक्काचूर. रुबेनचा नेहमीचा माणूस आठवडाभर येऊ शकत नव्हता. लव्हॉनच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि ती बहिणीकडं गेली होती. आणि पुढच्या शुक्रवारी त्याच जागेवर रेनो आणि एल्मा टोइव्होनेन मिशिगनहून येणार होते. एल्माला दिवसरात्र ऑक्सिजनचं यंत्र लागतं. वाटेत सिलिंडरवर चालतं, पण इथं पोचलं की यंत्राला वीज हवीच.

रुबेन डोकं खाजवत उभा होता. "दुसरी रिकामी जागा एकच, अठ्ठेचाळीस. ती रविवारपासून दुसऱ्यांची. काय करू?"

"मी करतो," मी म्हणालो.

"मिस्टर लोरेन, खरंच? लव्हॉनला विचारून..."

"लव्हॉन स्वयंपाकीण आहे, रुबेन. मी इलेक्ट्रिशियन आहे."

हे वाक्य मी दहा वर्षं तोंडात घोळवत होतो. ते बाहेर पडलं तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मी यादी लिहून दिली, रुबेननं सामान आणलं. त्या गुरुवारी सकाळी मी पिशवी घेऊन सत्तेचाळीसवर गेलो. आजूबाजूच्यांनी खुर्च्या आणून मांडल्या. बर्नार्ड जागा होता. माझे हात कसे चालले! वायर सोलणं, पिळणं, स्क्रू आवळणं, हातांना काही सांगावं लागत नव्हतं. आमच्याकडं घरात साध्या उपकरणांना एकशे वीस व्होल्ट लागतात, आणि चूल, कपडे वाळवायचं मशीन यांना दोनशे चाळीस. तीन भोकांचं तीस अँपिअरचं सॉकेट मी घराघरांत शेकड्यानं बसवलंय, कपडे वाळवायच्या मशीनसाठी. दुहेरी ब्रेकर, दोन फेज, झालं काम. इथंही तसंच केलं. जुने तुटके ब्रेकर माझ्या पायाशी बादलीत पडले होते, त्यांच्याकडं मी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी माझ्या मीटरनं मोजलं. दोनशे चाळीस, अगदी नेमके. मी स्वतःशीच मान हलवली आणि झाकण लावलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोरोथीनं केक आणला. "इतकी वर्षं लपून बसला होतास होय रे?" असं बर्नार्ड म्हणाला. त्या संध्याकाळी मी आर्डिसला तीच गोष्ट तीन वेळा सांगितली. ती स्वेटर विणत "हं, हं" करत राहिली.

शुक्रवारी दुपारी टोइव्होनेनांचा ट्रेलर सत्तेचाळीसवर लागला. एल्मा पुढच्या सीटवर नाकात नळी लावून बसलेली, मांडीवर सिलिंडर. रेनो वायर घेऊन खाली उतरला. बघायला रुबेन होता, डोरोथी, बर्नार्ड, आर्डिस आणि आणखी चार-पाच जण. मी खांबाचं झाकण उघडून असा उभा राहिलो की जणू माझ्याच घराचं उद्घाटन.

तेवढ्यात गोल्फची गाडी. लव्हॉन. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, गळ्यात पिवळा मीटर. तिची बहीण शेजारी बसून ओरडत होती, "डॉक्टरनं झोपून राहायला सांगितलंय गं हिला!"

"रेनो, थांब रे," लव्हॉन म्हणाली. "आधी खांब बघते."

"बघायचं काही नाही," मी म्हणालो. "मी स्वतः बसवलाय. मोजलाय."

"छान. मग परत मोजायला दोन मिनिटं."

"माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

"लोरेन, मी माझा स्वतःचा खांबसुद्धा दरवर्षी मोजते."

"मग मोज तुझा. हा माझा आहे." माझा आवाज चढला. मी रेनोला म्हणालो, "लाव तू. बायकोचं सिलिंडर संपत आलंय, आणि ही बाई इथं नाटकं करतेय."

रेनो वायर हातात धरून एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. लव्हॉननं वाद घातला नाही. ती खाली वाकली, चाचपत चाचपत दोन्ही पिना तिसाच्या सॉकेटात घातल्या, मीटर डोळ्यांसमोर धरला, लांब नेला, जवळ आणला.

"मेलं काही दिसत नाही," ती म्हणाली. "हा डोळा बांधलेला, तो दुसरा अजून धुरकट. लोरेन, तूच वाच रे आकडा."

मी तिच्या हातातला मीटर पाहिला. आकडा जवळजवळ कालचाच होता. पण आज मी तो नुसत्या खांबाकडं बघत नाही, एल्माच्या नाकातली नळी बघत वाचत होतो. तिच्या यंत्राला एकशे वीस लागतात. त्यांच्या फ्रिजला, दिव्यांना, सगळ्याला एकशे वीस. हे कपडे वाळवायचं मशीन नव्हतं. हे घर होतं. वायर लावताक्षणी सगळं जळालं असतं, यंत्र सगळ्यात आधी.

आणि आता लाज वाटते ते लिहितो. एक क्षण माझ्या मनात आलं की एकशे वीस म्हणावं. लव्हॉनला दिसत नव्हतं. मग काहीतरी निमित्त काढून रेनोला थांबवावं, नंतर गुपचूप दुरुस्त करावं. छत्तीस वर्षांत आकडा खोटा सांगायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं, ते त्या बाईसमोर आलं. एवढा मी तिच्यावर जळत होतो.

"दोनशे एक्केचाळीस," मी म्हणालो.

लव्हॉननं हात घालून ब्रेकर पाडला. मग तिनं मीटर तळहातावर दोनदा आपटला, घड्याळ बंद पडल्यावर आपटतात तसा.

"हा मेला बिघडलाय," ती म्हणाली. "परवा बहिणीच्या अंगणात पडला होता माझ्या हातून. रेनो, रविवारपर्यंत अठ्ठेचाळीसवर लाव तू, तो खांब मी ऑपरेशनआधीच मोजलाय. इथं मी नवा मीटर आणून बघते. चला, एल्माला आत न्या."

आणि सगळे निघून गेले. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. मी मनात म्हटलं, वाचलो.

तासाभरानं मी एकटाच सत्तेचाळीसवर परतलो. लव्हॉन तिथं गोल्फच्या गाडीत बसली होती, बहिणीला पिटाळून.

"जुना ब्रेकर बादलीत आहे बघ," ती एवढंच म्हणाली. "एकेरी."

मी तसाच एकेरी नवा आणला, एक फेज काढली, न्यूट्रल लावला. मोजलं. एकशे वीस. तिनं आकडा विचारला, मी सांगितला, ती गाडी वळवून गेली. मी आभार मानले नाहीत. मला तिचा राग आला होता. वाचवणाऱ्याचा राग येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो साध्या हेव्यापेक्षा फार जास्त कडू असतो.

पुढचे चार आठवडे माझ्या आयुष्यातले सुखाचे होते, असं मला तेव्हा वाटलं. लोक मला बोलवायला लागले! डोरोथीचा मायक्रोवेव्ह बंद, बोलवा लोरेनला. जाऊन बघतो तर मागचा प्लगच निघालेला. बर्नार्डचा दिवा लागेना, बोलवा लोरेनला. बल्ब सैल. रुबेननंसुद्धा ब्रेकर कुठला आणू म्हणून विचारलं. मी पिशवी खांद्याला मारून पार्कभर फिरायचो. साधी साधी कामं होती, पण माझं नाव होतं. उलट लव्हॉनला सभागृहात चिडवायचे, "काय गं, तुझा मीटर आज काय म्हणतो? बाहेर बर्फ पडतोय म्हणतो का?" तीही हसायची. "विचारू नका, आज म्हणतो मी पंचविशीची आहे." तिची गोल्फची गाडी रस्त्यानं जाताना कुणी थांबवत नाही हे बघून माझं मन आतल्या आत नाचायचं. हे सांगायलाच हवं, म्हणून सांगतो.

एका बुधवारी सकाळी आर्डिस अंडी तळत होती. मी म्हणालो, "लव्हॉननं आता हे सोडायला हवं. नजर गेली, मीटरही धड सांभाळता येत नाही. वय झालं की माणसानं..."

आर्डिसनं उलथनं खाली ठेवलं.

"लोरेन, तो मीटर बिघडलेला नव्हता."

मी मिठाची बाटली उगाच जवळ ओढली.

"पंचेचाळीस वर्षं मी इलेक्ट्रिशियनची बायको आहे. मीटर पडला म्हणून बरोबर दुप्पट दाखवत नाही, हे तूच मला शिकवलंयस." मग तिनं विचारलं, "त्या बुधवारी तू दार आपटून गेलास, तेव्हा ती पुढं काय म्हणाली माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाली, घरं बांधणारे इलेक्ट्रिशियन हुशार असतात, म्हणूनच भीती. तीन भोकांचं तिसाचं सॉकेट दिसलं की त्यांचा हात आपोआप दोनशे चाळीस जोडतो, कारण घरात ते तसंच असतं. क्लीटसचा आणि तिचा पहिला ट्रेलर असाच जळाला. मोठ्या नावाजलेल्या इलेक्ट्रिशियननं केलेलं काम. म्हणून ती प्रत्येकाचा खांब मोजते."

अंडी करपत होती. गॅस बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"मग तू तेव्हाच का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"तू बोलशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "चार आठवडे झाले."

मी काही खाल्लं नाही. तसाच उठून सभागृहात गेलो. चाळीस जण बसले होते, एल्मा पुढच्या रांगेत, शेजारी तिचं यंत्र फुसफुस करत होतं. लव्हॉन ताटल्या मांडत होती, आता दोन्ही डोळे उघडे. मी कुणाला परवानगी न विचारता पुढं जाऊन उभा राहिलो.

"सत्तेचाळीसचा खांब मी चुकीचा जोडला होता," मी म्हणालो. "मीटर बरोबर होता. रेनोनं वायर लावली असती तर एल्माचं यंत्र जळालं असतं. लव्हॉन माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी चार आठवडे तिला बोलणी खाऊ दिली."

मला वाटलं होतं, आरडाओरड होईल. रेनो उठून माझी गचांडी धरेल. निदान कुणीतरी "अरे देवा" तरी म्हणेल. काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. मग डोरोथीनं वड्यांचं ताट माझ्यासमोर धरलं.

"आम्हाला ठाऊक होतं, लोरेन," ती मऊ आवाजात म्हणाली. "घे, आज खोबऱ्याच्या आहेत."

"ठाऊक होतं?"

"अरे, आदल्याच आठवड्यात तिनं सगळ्यांना समजावलं होतं ना," बर्नार्ड म्हणाला. "तू दोनशे एक्केचाळीस म्हणालास आणि मी मनात म्हटलं, झालं, हा तोच प्रकार. मी त्या वेळी झोपलो नव्हतो हं."

रेनो म्हणाला, "मला एल्मानं त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाली, आकडा खरा वाचला ना, मग सोड."

मी डोरोथीच्या ताटाकडं पाहत राहिलो. मायक्रोवेव्हचा निघालेला प्लग. सैल बल्ब. रुबेनचा ब्रेकर. माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. ते सगळे चार आठवडे मला सांभाळत होते, आणि तिला चिडवत होते तेही तिच्या खोटेपणाला हातभार म्हणून. लव्हॉनच्या त्या थापेवर खरोखर विश्वास ठेवणारा अख्ख्या पार्कात मी एकटाच होतो.

मला तिथून निघून जायचं होतं, दार आपटून. लव्हॉननं ताटली खाली ठेवली.

"आलाच आहेस तर सांग," ती म्हणाली. "चूक कशी होते ते. माझं ऐकीव आहे, तुझ्या तर हातानं झालंय. हात काय विचार करतो त्या वेळी?"

मी सांगितलं. सूत्रं नाहीत, फळा नाही. हात कसा सवयीनं दुसरी फेज उचलतो, दोनशे चाळीस बघून मनाला कसं बरं वाटतं, बादलीतला जुना ब्रेकर कसा दिसूनही दिसत नाही. अर्धा तास बोललो. कुणी झोपलं नाही. बर्नार्डनं दोन प्रश्न विचारले. मधेच माझी नजर लव्हॉनकडं गेली. ती मागच्या बाकावर बसली होती, माझ्या नेहमीच्या जागी, आणि मान डोलवत ऐकत होती. तिच्या तोंडावर हेव्याचा मागमूस नव्हता. मी शोधला. दुसऱ्याला टाळ्या मिळत असताना असं बसता येणं मला उभ्या जन्मात जमलं नाही, आणि लिहितानाही मला तिच्या त्याच गोष्टीचा हेवा वाटतोय. विजेचा कधीच नव्हता बहुतेक.

फेब्रुवारीअखेर पुन्हा उत्तरेचा वारा आला आणि आमच्या घरात अंधार झाला. आर्डिसनं फोन उचलला, माझ्याकडं पाहिलं, आणि तसाच धरून ठेवला.

"लाव तिला," मी म्हणालो. "मी कॉफी टाकतो. पातळ."

लव्हॉन आली. खांबापाशी वाकली, पिना सॉकेटात घातल्या. आता तिला गरुडासारखं दिसत होतं. तरी तिनं मीटर माझ्यासमोर धरला.

"वाच रे आकडा."

मी चष्मा लावला.

"एकशे सहा," मी म्हणालो. "तासभर थांबावं लागेल." आणि आम्ही दोघं कॉफी प्यायला आत गेलो.